किटकॅट ठेवायचा की एमसीबी बसवायचा? घर, शेतपंप आणि सोलरसाठी वायरच्या हिशोबाने निवड

जुन्या घरांत मीटरखालच्या लाकडी फळीवर पांढऱ्या चिनी मातीचे किटकॅट, म्हणजे तार बदलता येणारे फ्यूज, अजून दिसतात. मेन स्विच बंद करून त्यातला एखादा ओढून काढा आणि आतली तार बघा. पाच अँपिअरच्या किटकॅटमध्ये कलई केलेली, केसाहून थोडी जाड अशी एकच तार असायला हवी. प्रत्यक्षात बहुतेक वेळा सापडते ती वायरच्या तुकड्यातून सोलून काढलेल्या चार-पाच तांब्याच्या तारांची पिळलेली दोरी.

या दोरीचा हिशोब करू. घरगुती लवचिक वायरमधली एक बारीक तार साधारण ०.३ मि.मी. जाडीची असते आणि ती वितळायला सुमारे १३ अँपिअर लागतात. अशा पाच तारा पिळल्या की वितळण्याचा आकडा पन्नासच्या वर जातो. मागे भिंतीत मात्र दीड चौरस मि.मी.ची वायर आहे आणि पाइपातून जाताना ती जेमतेम १३-१४ अँपिअर सोसते. दोष झाला तर आधी वायरचं प्लास्टिक वितळेल, फ्यूज जागच्या जागी राहील.

फ्यूज असो की एमसीबी (दोष झाला की आपोआप पडणारा स्विच), दोघांचं पहिलं काम भिंतीतली वायर राखणं हेच आहे. त्यामुळे निवडीची सुरुवात उपकरणापासून किंवा दुकानातल्या ब्रँडपासून करू नका, वायरपासून करा.

दोघांचं काम कसं चालतं

फ्यूजमध्ये एकच घटना घडते: तार तापते आणि वितळते. नवी तार घालता येणारा किटकॅट आपल्या आकड्याच्या जवळपास दुप्पट प्रवाह होईपर्यंत टिकून राहू शकतो. म्हणजे १५ चा किटकॅट २५ अँपिअरवरही बराच वेळ शांत बसेल. बंद नळीचा एचआरसी फ्यूज यापेक्षा बराच काटेकोर असतो. त्यात तारेभोवती वाळू भरलेली असते आणि ठिणगी त्या वाळूतच विझते.

एमसीबीच्या आत दोन वेगळ्या यंत्रणा असतात. जास्त लोड सावकाश तापवतो तेव्हा दोन धातूंची पट्टी वाकते आणि खटका पडतो. शॉर्ट सर्किट झालं की कॉइलचं चुंबक क्षणात खटका पाडतं. मानकानुसार एमसीबी आपल्या आकड्याच्या १.१३ पट प्रवाहाला तासभर ट्रिप होता कामा नये आणि १.४५ पट प्रवाहाला तासाभरात ट्रिप झालाच पाहिजे. १६ अँपिअरच्या एमसीबीसाठी हे आकडे अनुक्रमे १८ आणि २३ अँपिअर येतात. ही १.४५ ची मर्यादा लक्षात ठेवा, पुढे तिच्यावरच वायरचं गणित बसवायचं आहे.

पायरी १: वायर ओळखा

नवी वायर असेल तर आकार आवरणावर छापलेला असतो: १, १.५, २.५, ४, ६ चौरस मि.मी. वायरमन त्याला दीडची, अडीचची, चारची म्हणतात. जुन्या कॅसिंग-कॅपिंगमध्ये (भिंतीवरच्या झाकण लावलेल्या पट्ट्यांतल्या वायरिंगमध्ये) ३/२२, ३/२०, ७/२० असे आकार भेटतात. पहिला आकडा म्हणजे किती तारा आणि दुसरा म्हणजे तारेचा गेज, तिच्या जाडीचा क्रमांक. तांब्याच्या ३/२२ चा अर्थ सुमारे १.२ चौरस मि.मी., ३/२० चा सुमारे २ आणि ७/२० चा सुमारे ४.६. छापील खूण नसेल तर मेन बंद करून बोर्डातल्या टोकावरच्या तारा मोजा आणि एका तारेची जाडी मायक्रोमीटरने बघा.

टोक खरवडल्यावर तार पांढरट दिसली तर ॲल्युमिनिअम असण्याची शक्यता मोठी. कलई केलेलं तांबंही वरून पांढरं दिसतं, म्हणून ब्लेडने आतपर्यंत खरवडा. त्याच जाडीच्या तांब्यापेक्षा ॲल्युमिनिअमची क्षमता साधारण पाव भाग कमी धरा. काही वेळा वाकवल्यावर ते तुटतं आणि स्क्रूखाली दबून काही महिन्यांत सैल पडतं. अशा वायरिंगवर नवा एमसीबी लावून भागणार नाही. निदान गीझर, एसी आणि किचनच्या लाइन तांब्याच्या करून घ्याव्याच लागतील.

पाइपातून जाणाऱ्या पीव्हीसी तांब्याच्या वायरची क्षमता अशी धरा: दीडची १३, अडीचची १८, चारची २४, सहाची ३१ अँपिअर. एकाच पाइपात पाच-सहा वायरी कोंबल्या असतील, तर हे आकडेही खाली येतात.

पायरी २: लोड मोजा

वॅटला २३० ने भागलं की अँपिअर मिळतात. २००० वॅटचा गीझर ८.७ अँपिअर घेतो, ३००० वॅटचा १३, हजार वॅटची इस्त्री साडेचारच्या आसपास. दीड टनाचा एसी चालू स्थितीत सात-आठ अँपिअर घेतो, पण इन्व्हर्टर नसलेल्या जुन्या एसीचा कॉम्प्रेसर सुरू होताना क्षणभर त्याच्या पाच-सहा पट प्रवाह ओढतो. मिक्सर, फ्रिज आणि टाकीची मोटर यांचंही असंच.

पंखे-दिव्यांचं एक सर्किट ८०० वॅट आणि दहा पॉइंटपेक्षा मोठं करू नका. गीझर आणि एसी प्रत्येकी स्वतंत्र लाइनवर घ्या. एका लाइनला गीझर आणि मायक्रोवेव्ह दोन्ही जोडले की सकाळी आठ वाजता एमसीबी पडणार, आणि बिचाऱ्या एमसीबीवर 'खराब आहे' असा शिक्का बसणार.

वीजबिलावर 'मंजूर भार' छापलेला असतो, तोही बघा. ५ किलोवॅट म्हणजे सुमारे २२ अँपिअर. दोन एसी, दोन गीझर आणि इंडक्शन असलेलं घर दोन किलोवॅटच्या मंजूर भारावर चालत असेल, तर आधी भार वाढवून घ्या. मीटरच्या आधीचा कटआउट आणि मीटरचं सील वीज कंपनीचं असतं. तिथला फ्यूज उडाला तर १९१२ वर तक्रार नोंदवा, सीलला हात लावू नका.

पायरी ३: आकडा ठरवा

नियम सोपा आहे. लोड, मग एमसीबीचा आकडा, मग वायरची क्षमता, हे तीन आकडे चढत्या क्रमाने यायला हवेत. दोन हजार वॅटच्या गीझरसाठी ८.७, १६, १८ जमतं. यावरून:

दीडच्या वायरला ६ किंवा १० अँपिअर.
अडीचच्या वायरला १६.
चारच्या वायरला २०.
सहाच्या वायरला २५. तिच्यावर ३२ टाकायचा असेल तर वायर कंपनीच्या तक्त्यात तुमच्या मांडणीसाठीची क्षमता बघा, अंदाजाने टाकू नका.

किटकॅट याच ठिकाणी मागे पडतो आणि ते फारसं कुणी सांगत नाही. एमसीबी १.४५ पटीला तुटतो, किटकॅट दुप्पटीला. म्हणून तीच वायर किटकॅटने राखायची तर वायरच्या क्षमतेला ०.७२५ ने गुणावं लागतं. अडीचच्या वायरचे १८ गुणिले ०.७२५ म्हणजे १३, त्यामुळे तिच्यावर १० चाच किटकॅट बसतो. १५ चा बसवला की हिशोब चुकला. चारच्या वायरवर १५ चा, दीडच्या वायरवर फक्त ५ चा. ३००० वॅटचा गीझर १३ अँपिअर घेतो. एमसीबीवर त्याला अडीचची वायर पुरते, किटकॅटवर चारची लागते. एमसीबी घेतला की भिंतीतल्या तांब्याचा पुरा उपयोग करता येतो.

आता सगळ्यात जास्त घडणारी चूक. १६ चा एमसीबी पडतो म्हणून कुणी ३२ चा टाकून देतो आणि पडणं थांबतं. पण अडीचच्या वायरमधून आता ३०-३२ अँपिअर तासन् तास गेले तरी तो खटका पडणार नाही. पाइपात वायर कडक होत जाते, आवरण तडकतं आणि एके दिवशी दोन तारा भिडतात. एमसीबी पडतोय याचा अर्थ लोड जास्त आहे, जोड सैल आहे किंवा कुठे दोष आहे. आकडा वाढवायचाच असेल तर वायर आधी बदला.

पायरी ४: बी, सी की डी, आणि किती किलोअँपिअर

एमसीबीवर 'सी १६' असं छापलेलं असतं. त्यातलं अक्षर चुंबकाची संवेदना सांगतं. बी आकड्याच्या ३ ते ५ पटीला क्षणात तुटतो, सी ५ ते १० पटीला, डी १० ते २० पटीला. दिवे, गीझर, इस्त्री अशा तापणाऱ्या लोडला बी चालतो. पंखे, फ्रिज, एसी, मिक्सर आणि मोटर यांना सी. डी वेल्डिंग मशिन, मोठा ट्रान्सफॉर्मर किंवा जड मोटरसाठीच घ्या. घरात डी बसवला तर लांबच्या पॉइंटवर शॉर्ट झाल्यावर हवा तेवढा प्रवाह येईलच असं नाही. सी १६ ला क्षणात तुटायला १६० अँपिअर पुरतात, डी १६ ला ३२० लागू शकतात.

दुसरा आकडा चौकटीत असतो: ६००० किंवा १००००. शॉर्ट सर्किट झालं असता तो एमसीबी स्वतः न फुटता किती अँपिअर तोडू शकतो, हे त्यावरून कळतं. तो निवडायचा डीपी, म्हणजे वस्तीचा ट्रान्सफॉर्मर, बघून. ट्रान्सफॉर्मरचा पूर्ण लोडचा प्रवाह त्याच्या इम्पीडन्सने (आतल्या अडथळ्याने, तो टक्क्यांत देतात) भागला की शॉर्टचा प्रवाह मिळतो. गावातली १०० केव्हीएची डीपी पूर्ण लोडला १३३ अँपिअर देते. साडेचार टक्के इम्पीडन्स धरला तर तिच्या टोकाशीच शॉर्टचा प्रवाह ३००० अँपिअरच्या आत येतो, आणि खांबावरच्या तारांमधून घरापर्यंत पोहोचेतो त्याहून बराच कमी होतो. तिथे ६००० चा एमसीबी भरपूर झाला. शहरात सोसायटीच्या आवारातच ६३० केव्हीएचा ट्रान्सफॉर्मर असेल तर त्याच्या टोकाशी हाच आकडा १७-१८ हजारांवर जातो. तिथे घरातल्या डीबीत (एमसीबींच्या पेटीत) १०००० चे एमसीबी घ्या. मीटर रूमच्या मुख्य पॅनलमध्ये तर एचआरसी फ्यूज किंवा एमसीसीबीच (एमसीबीचाच मोठा प्रकार) हवा.

साधा किटकॅट दोन-चार हजार अँपिअरपर्यंतच नीट तोडतो. त्यापुढे चिनी माती तडकते आणि आतली ज्वाला बाहेर येते. शहरातल्या मोठ्या ट्रान्सफॉर्मरजवळ किटकॅट नको, याचं हे सगळ्यात ठोस कारण.

खरेदी करताना आयएसआय खूण आणि आयएस/आयईसी ६०८९८-१ हा क्रमांक बघा. खूण नसलेला एमसीबी स्विच म्हणून चालेल, पण दोषाच्या वेळी तो काय करील याची खात्री देता येत नाही.

पायरी ५: शॉकसाठी वेगळं साधन

एमसीबी लावला म्हणजे शॉक बसणार नाही, हा समज जिवावर बेततो. १६ अँपिअरचा एमसीबी १६ अँपिअरच्या पुढचं बघतो. माणसाच्या शरीरातून ३० मिलिअँपिअरही धोक्याचे, म्हणजे त्याच्या पाचशेव्या भागाहून कमी. फ्यूज आणि एमसीबी दोघांनाही हा प्रवाह दिसतच नाही.

अर्थिंग असलं तरी एवढ्यावर भागतं का? बोअरजवळचं अर्थिंग ५ ओम आणि डीपीच्या न्यूट्रलचं अर्थिंग ५ ओम धरा. खेड्यात हे चांगलेच म्हणायचे. पंपाच्या बॉडीला फेज लागला तर २३० भागिले १० म्हणजे २३ अँपिअर जमिनीतून जातील. १६ च्या एमसीबीला पडायला यात तासाच्या आसपास लागू शकतं. १५ चा किटकॅट उडणारच नाही. तेवढा वेळ पंपाच्या बॉडीवर आणि लोखंडी पाइपवर ११५ व्होल्ट उभे. ओल्या मातीत अनवाणी उभ्या असलेल्या माणसाला ते पुरेसे आहेत.

म्हणून आरसीसीबी. फेजमधून गेलेला आणि न्यूट्रलमधून परत आलेला प्रवाह तो सतत ताडून बघतो. फरक १५ ते ३० मिलिअँपिअरच्या दरम्यान गेला की तुटतो. घरात ३० मिलिअँपिअरचा, दोन पोलचा (फेज आणि न्यूट्रल दोन्ही तोडणारा), आयएस १२६४० खुणेचा घ्या. वॉशिंग मशिन, इन्व्हर्टर एसी, इंडक्शन अशी इलेक्ट्रॉनिक उपकरणं जास्त असतील तर 'एसी' (AC) प्रकाराऐवजी 'ए' (A) प्रकार घ्या. आरसीसीबीला शॉर्ट आणि ओव्हरलोड कळत नाहीत. ४० चा आरसीसीबी असेल तर त्याच्या आधी ४० किंवा त्याहून कमी आकड्याचा एमसीबी पाहिजेच. दोन्ही कामं एकत्र हवी असतील तर आरसीबीओ येतो. फ्रिजसाठी स्वतंत्र आरसीबीओ घेतला तर बाथरूममधल्या गळतीने फ्रिज बंद पडत नाही.

दोन बेडरूमच्या फ्लॅटची मांडणी साधारण अशी: ४० अँपिअर दोन पोलचा मेन एमसीबी, त्याखाली ४० चा ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, मग दिवे-पंख्यांचे १० चे दोन, प्लगचा १६ चा एक, किचनचा चारच्या वायरवर २० चा, गीझरचा १६ चा, एसीचा चारच्या वायरवर २० चा, आणि फ्रिजचा १६ चा आरसीबीओ. फ्रिजचा आरसीबीओ सामाईक आरसीसीबीच्या आधी, थेट मेनवरून जोडा. दोन एसी असतील तर दुसरा २० चा धरा. डीबी घेताना दोन-तीन जागा रिकाम्या सुटतील असा घ्या, कारण पुढे काहीतरी वाढतंच.

पायरी ६: बसवताना

हे काम परवानाधारक वायरमनकडून करून घ्या, पण पुढच्या गोष्टी समोर उभं राहून बघा.

मेन बंद केल्यावर नुसत्या टेस्टरवर विसंबू नका. आधी चालू पॉइंटवर टेस्ट लॅम्प किंवा मीटर तपासा, मग बंद केलेल्या जागी फेज-न्यूट्रल आणि फेज-अर्थ दोन्ही बघा, मग पुन्हा चालू पॉइंटवर. मधेच मीटर बिघडला असेल तर तो या तिसऱ्या तपासणीत सापडतो.

एमसीबी फेजवरच. जुन्या फळ्यांवर फेजला एक आणि न्यूट्रलला एक असे दोन किटकॅट असतात. न्यूट्रलवरचा फ्यूज आधी उडाला तर दिवा बंद दिसतो, पण होल्डरमध्ये फेज जिवंतच. न्यूट्रलमध्ये सुटा फ्यूज किंवा सुटा स्विच नियमांनी चालत नाही. तो किटकॅट काढा आणि न्यूट्रल थेट लिंकला (न्यूट्रल जोडायच्या पट्टीला) जोडा.

लवचिक वायरच्या टोकाला पिन लग लावून तो योग्य साच्याच्या पक्कडीने दाबा. स्क्रू घट्ट करून वायर ओढून बघा. तारा स्क्रूबाहेर राहिल्या तर जोड तापतो, त्याची उष्णता एमसीबीच्या पट्टीला लागते आणि लोड कमी असूनही तो पडतो. आठवड्याभराने स्क्रू पुन्हा आवळा, तांब्याच्या तारा दबून थोड्या सैल होतातच.

आरसीसीबीच्या पुढचे सगळे न्यूट्रल त्याच आरसीसीबीच्या न्यूट्रल लिंकवर हवेत. आरसीबीओचा न्यूट्रल आणि इन्व्हर्टरचा न्यूट्रल वेगळे ठेवा. इन्व्हर्टरचा न्यूट्रल मेनच्या न्यूट्रलमध्ये मिसळला की आरसीसीबी विनाकारण पडत राहतो, आणि वैतागून कुणीतरी तो बायपास करून टाकतं.

चालू करण्याआधी ५०० व्होल्टच्या मेगरने (वायरचं आवरण तपासणाऱ्या मीटरने) फेज-न्यूट्रल आणि फेज-अर्थ तपासून घ्या, सगळी उपकरणं काढून आणि बल्ब सोडवून. एक मेगाओमच्या खाली आकडा आला तर लाइन जोडू नका. मग आरसीसीबीचं टेस्ट बटण दाबा. ते महिन्यातून एकदा दाबायचं असतं. त्याने साधन चालू आहे एवढंच कळतं, अर्थिंग चांगलं आहे का ते कळत नाही. अर्थिंग वेगळं मोजा.

विदर्भातल्या वाचकांसाठी एक वेगळी गोष्ट. एमसीबीचा आकडा ३० अंश तापमानाला धरलेला असतो. नागपूर-चंद्रपूरकडे मे महिन्यात पारा ४५ वर जातो, उन्हातल्या बंद लोखंडी पेटीत त्याहूनही वर, आणि तिथे एमसीबी साधारण दहा टक्के आधीच पडू लागतो. पेटी सावलीत घ्या आणि भरपूर लोडचे दोन एमसीबी चिकटून लावू नका, मधे दिव्याचा लावा. कोकणात पेटीतले स्क्रू हिरवे पडतात. तिथे रबर गास्केटची बंद प्लॅस्टिक पेटी घ्या आणि वायर खालून आत न्या.

पडला तर दोष कसा शोधायचा

चालू करताच पडतो: शॉर्ट. अर्ध्या तासाने पडतो: ओव्हरलोड किंवा सैल जोड. पडल्या पडल्या एमसीबीला बोट लावा, शेजारच्यापेक्षा खूप गरम असेल किंवा स्क्रूजवळचं आवरण तपकिरी झालं असेल तर सैल जोड. खटका हाताने वर दाबून धरून उपयोग नाही, आतली यंत्रणा तरीही सुटते. दोनदा पडल्यावर तिसऱ्यांदा लावू नका. मोठ्या शॉर्टचा धक्का खाल्लेला एमसीबी वरून ठीक दिसला तरी बदलून टाका.

आरसीसीबी पडत असेल तर सगळे एमसीबी बंद करा, आरसीसीबी लावा, मग एकेक एमसीबी चालू करा. सगळे बंद असतानाही पडत असेल तर दोष न्यूट्रलमध्ये आहे. एका पोलचा एमसीबी न्यूट्रल तोडत नाही, म्हणून कुठे न्यूट्रल अर्थला टेकला असेल तर तो जोडलेलाच राहतो. अशा वेळी मेन बंद करून एकेक न्यूट्रल लिंकवरून सोडवून बघावा लागतो. बहुतेकदा गुन्हेगार गीझरची कॉइल, गच्चीवरचा दिवा किंवा पाणी शिरलेला बाहेरचा प्लग असतो.

शेतपंपावर वेगळा हिशोब

पाच एचपीची थ्री-फेज मोटर पूर्ण लोडला साधारण साडेसात-आठ अँपिअर घेते. नेमका आकडा मोटरच्या पट्टीवर बघा. सुरू होताना डायरेक्ट स्टार्टरवर तो सहापट होतो.

किटकॅटचा इथला खरा त्रास वेगळाच आहे. तीन किटकॅटपैकी एक उडाला की उरलेल्या दोन फेजवर मोटर घुमत राहते आणि त्या दोन फेजमधला प्रवाह साधारण पावणेदोन पट होतो. आठचे तेरा-चौदा. वीस अँपिअरच्या तारेला ते काहीच नाही, पण मोटरचं वाइंडिंग मात्र जळून जातं. तीन पोलचा एमसीबी लावला तर दोष एका फेजला असला तरी तिन्ही फेज एकदम तुटतात. मात्र डीपीवरूनच एक फेज गेला असेल तर एमसीबीलाही ते वेळेत कळणार नाही. म्हणून सिंगल फेजिंग प्रिव्हेंटर (एक फेज गेला की मोटर बंद करणारं साधन) लागतोच, आणि पट्टीवरच्या अँपिअरला लावलेली ओव्हरलोड रिलेही. स्टार-डेल्टा स्टार्टरमध्ये रिले फेजच्या वायरीत बसवलेली असेल तर पट्टीवरच्या आकड्याच्या ०.५८ पटीला लावा.

पाच एचपीला तीन पोलचा सी १६ पुरतो. सुरू होताना पडत असेल तर डी १६ घ्या, २५ किंवा ३२ चा सी नको. किंवा २० अँपिअरचे तीन एचआरसी फ्यूज, रिले आणि प्रिव्हेंटरसह. डीपीपासून लांब असलेल्या, धूळ-ओल खाणाऱ्या पेटीत एचआरसी वर्षानुवर्षं बिघडत नाही. एमसीबीच्या फटीत मुंग्या शिरतात आणि खटका अडकतो. तीन एचआरसीपैकी एक उडाला तर तिन्ही बदला. उरलेल्या दोघांनीही तो धक्का खाल्लेला असतो.

पंपावर आरसीसीबी चार पोलचा लागतो. लांब केबलमुळे ३० मिलिअँपिअरचा सारखा पडत असेल तर १०० चा घ्या, पण मग अर्थिंग नीट असलंच पाहिजे. न्यूट्रल जोडलेला नसेल तर काही आरसीसीबींचं टेस्ट बटण कामच करत नाही. बाजूला छापलेली आकृती बघूनच जोडा.

फ्यूजच बरा अशा जागा

मोठ्या ट्रान्सफॉर्मरजवळचा मुख्य पॅनल ही पहिली. एचआरसी फ्यूज ८० हजार अँपिअरपर्यंत तोडतो आणि मोठ्या शॉर्टला पहिल्या पाव चक्रातच, म्हणजे ५ मिलिसेकंदांच्या आत. त्याच्या पुढे लावलेल्या एमसीबीलाही त्याचा आधार मिळतो.

दुसरी जागा छतावरचं सोलर. डीसी, म्हणजे पॅनलमधून एकाच दिशेने वाहणारा प्रवाह, एसीसारखा, म्हणजे घरातल्या विजेसारखा, सेकंदाला शंभर वेळा शून्यावर येत नाही, त्यामुळे ठिणगी विझत नाही. घरातला साधा एसी एमसीबी पॅनलच्या लाइनवर लावला तर तोडताना तो पेट घेऊ शकतो. तिथे 'जीपीव्ही' खुणेचे डीसी फ्यूज किंवा डीसीचाच एमसीबी लागतो. डीसी एमसीबीवर अधिक-उणे छापलेलं असेल तर तशीच जोडणी करा, उलट जोडला की ठिणगी आतच अडकून राहते. पॅनलची एकच ओळ असेल तर फ्यूजची गरज नसते. तीन किंवा जास्त ओळी समांतर असतील तर प्रत्येकीला लावा. लोड चालू असताना तो फ्यूज ओढून काढू नका, आधी आयसोलेटर (लाइन तोडणारा स्विच) बंद करा.

किटकॅट ठेवावाच लागला तर

भाड्याचं घर असेल, वायरिंग पुढच्या वर्षी बदलायचं असेल, तर निदान तार बरोबर घाला. दुकानात कलई केलेली तांब्याची फ्यूज वायर गुंडाळीवर किंवा पुठ्ठ्यावर मिळते. एकच तार, पिळ न देता:

५ अँपिअरला ०.२० मि.मी.
१० अँपिअरला ०.३५ मि.मी.
१५ अँपिअरला ०.५० मि.मी.
२० अँपिअरला ०.६० मि.मी.
३० अँपिअरला ०.८५ मि.मी.

मेन बंद करा. किटकॅट ओढून आतली जळालेली काजळी कोरड्या फडक्याने पुसा. तार खाचेतून सरळ न्या, ताणू नका, कारण ताणलेली तार बारीक होऊन लवकर उडते. स्क्रूभोवती घड्याळाच्या काट्याच्या दिशेने एक वेढा द्या म्हणजे आवळताना ती बाहेर सरकत नाही. तडा गेलेला किंवा ग्रिप सैल बसणारा किटकॅट फेकून द्या. आणि त्या पुठ्ठ्यावर कोणत्या लाइनला कोणती तार ते पेनाने लिहून तो फळीलाच अडकवून ठेवा, म्हणजे रात्री फ्यूज उडाल्यावर घरातल्या दुसऱ्या कुणाला वायरचा तुकडा सोलावा लागणार नाही.